खालच्या अंगाचा हौद

“सगळ्यांची गुरं मेली आणि तुमची तेवढी वाचली, तर त्या दिवसापासून जपून राहा,” असं रतनबाईनं सांगितलं होतं, आणि यशोधरानं ते हसण्यावारी नेलं होतं.

तशी यशोधरा घाबरायला काही कमी नव्हती. गौतमी झाल्यापासून तर तिचा जीव सारखा टांगणीला लागलेला. पोर झोपली की छातीवर हात ठेवून श्वास चाललाय का बघायची. टँकरचं पाणी फडक्यातून गाळून दोनदा उकळायची. झोळीची दोरी रोज ओढून बघायची. अंबाजोगाईच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली, त्यामुळं इतर बायांना जिथं नुसती धूळ दिसायची तिथं हिला रोग दिसायचे. तिची सासू चतुराबाई म्हणायची, “आमी पाच पोरं वाढवली, एकाचाबी श्वास तपासला न्हाई. त्यांनी घेतला का सोडला त्यांचं त्यांनी बघितलं.” पण ज्या एका गोष्टीला खरोखर भ्यायला हवं होतं, तिथंच नेमकी यशोधरा हसली.

रतनबाई म्हणजे हिवरदरा गावाच्या टोकाला एकटी राहणारी निवृत्त नर्स. मूळची नगरकडची, ख्रिस्ती. मिशनच्या दवाखान्यात शिकली, सरकारी उपकेंद्रात नोकरीला म्हणून इकडं आली आणि इथंच मुरली. गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. तरी वरच्या आळीत तिच्या घरचा चहा घेणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी. बौद्धवस्तीत मात्र ती घरच्यासारखी. त्या दिवशी गौतमीचं वजन करायला आली आणि ओसरीवर टेकली. चारा छावणीत नुकतीच पहिली म्हैस मेली होती, त्यावरून तिला तिच्या शास्त्रातली, बायबलातली गोष्ट आठवली.

गोष्ट अशी की, मिसर देशाचा राजा फारो. त्यानं इस्राएल लोकांना विटा पाडायला जुंपलेलं. देव म्हणाला, माझी माणसं सोड, राजा सोडेना. मग देवानं त्या देशावर एकामागून एक पीडा धाडल्या. नदीचं रक्त झालं, बेडूक आले, चिलटं आली, गोमाशा आल्या, आणि पाचवी आली ती गुरांची मरी. राजाच्या लोकांची घोडी, गाढवं, उंट, बैल, मेंढरं रानात पटापट पडली. विटा पाडणाऱ्यांचं एकही जनावर दगावलं नाही.

“मग बरंच झालं की,” यशोधरा म्हणाली. “गरिबाची वाचली.”

“पुढं ऐक. राजानं माणसं पाठवली, जा, त्यांची किती मेली बघून या. माणसं बघून आली, म्हणाली, एकपण नाही. आता राजाला वाटायला पाहिजे का नको, की आपलंच काहीतरी चुकतंय? तर त्याचं मन आणखी घट्ट झालं. मला त्या मरीची भीती नाही वाटत, पोरी. ती माणसं बघायला निघाली ना, त्याची वाटते.”

आणि मग ते जपून राहायचं सांगणं.

यशोधरा हसून म्हणाली, “सिस्टर, तुमच्या देवाचं गुरांनी काय वाकडं केलं होतं? चूक राजाची आणि मरायचं बैलांनी?”

“हे मी त्याला चाळीस वर्षं विचारतेय,” रतनबाई म्हणाली. “उत्तर आलं की तुला कळवते.”

लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. डोंगराकडच्या विहिरी तळाला गेल्या, कडबा संपला, आणि दूध संस्थेनं माळावर चारा छावणी उघडली. हिरव्या जाळीच्या सावलीत गुरांच्या लांबच लांब रांगा, प्रत्येक दावणीजवळ एक बाज, एक चूल, एक म्हातारं माणूस. घरातली धट्टीकट्टी माणसं कामाच्या शोधात गेलेली. यशोधराचा नवरा पंडित चाकणच्या कंपनीत होता, महिन्यातून एकदा यायचा. चतुराबाई आपली तांबडी गाय घेऊन छावणीत मुक्कामाला, आणि यशोधरा रोज गौतमीला कडेवर घेऊन भाकरी पोचवायला.

छावणीला दोन हौद होते. वरच्या अंगाला सिमेंटचा मोठा, अख्खी रांग एका वेळी पाणी पिईल असा. खालच्या अंगाला, कोरड्या ओढ्याच्या काठी, बौद्धवस्तीची गुरं बांधलेली; तिथं संस्थेचा जुना पत्र्याचा हौद आणून ठेवलेला. टँकर आधी वर रिकामा व्हायचा, उरेल ते खाली यायचं. जातीचं नाव कुणी काढलं नाही. चेअरमन माणिकराव एवढंच म्हणाले की पाइप पुरत नाही, आणि तुमची गुरं थोडी, तुमाला वेगळं सुटसुटीत पडंल.

यशोधरा तेव्हा तावातावानं संस्थेच्या ऑफिसात गेली होती. संस्था एक, दूध एकाच टाकीत पडतं, मग गुरांना हौद दोन कशाला, असं तिनं सगळ्यांसमोर विचारलं. माणिकराव रागावले नाहीत. सूनबाई किती शिकल्या म्हणून चौकशी केली, बाळाचं नाव विचारलं, चहा मागवला. बाकीच्यांना स्टीलच्या पेल्यात आला, हिला कागदी कपात. हौद दोनाचे दोनच राहिले.

पुढं माणिकरावांनी बाजारातून दोन म्हशी आणल्या आणि मोठ्या हौदाला लागून बांधल्या. त्या आल्यापासून घुरघुरत होत्या, तोंडातून लाळेच्या तारा हौदात पडत होत्या. त्यातली एक मेली. मग वरच्या आळीतल्या उत्तरेश्वरची दुभती म्हैस मेली, त्याच्या घरातलं तेवढं एकच जनावर. गळा फुगायचा, जीभ बाहेर यायची, सकाळी चरणारं जनावर दुसऱ्या सकाळी पाय ताणून पडलेलं. वरच्या रांगेत एकेक दावं रिकामं व्हायला लागलं. गुरांच्या डॉक्टरांनी येऊन सांगितलं, घटसर्प आहे. एरवी पावसाळ्याच्या तोंडावर येतो, पण खंगलेल्या गुरांना उन्हाळ्यातही धरतो. सगळ्या गुरांना लस टोचली आणि हौदाकडं बोट केलं. हा आत्ताच्या आत्ता रिकामा करा, घासून चुना लावा, आजारी गुरांना इथं तोंड घालू देऊ नका.

माणिकराव म्हणाले, “साहेब, दोन टँकर पाणी मातीत घालू? लोकं जोड्यानं मारतील मला.”

डॉक्टरांना पुढच्या छावणीवर जायचं होतं. ते गेले. हौद तसाच राहिला.

खालच्या अंगाला मात्र एकाही गुराला साधा ताप नव्हता. यशोधराला त्याचं कारण लख्ख कळलं होतं, ते तिनं सासूला समजावून सांगितलं. रोग पाण्यातून, लाळेतून पसरतोय. आपला हौद वेगळा, वरचं जनावर इकडं तोंड घालत नाही, आपलं तिकडं जात नाही, म्हणून वाचलो. चतुराबाईनं तंबाखूची चिमूट दाढेत धरली आणि म्हणाली, “म्हंजी इटाळानंच वाचवलं म्हण की.”

दोघी हसल्या. यशोधरा तर जरा मोठ्यानंच हसली. मग तिच्या लक्षात आलं की वरून कुणीतरी बघतंय.

तो शहादेव होता, छावणीचा मुकादम, माणिकरावांचा पुतण्या. ओढ्याच्या कडेकडेनं तो खाली आला आणि दावणीवरून हळूहळू चालत प्रत्येक जनावर निरखत गेला. पार टोकाला जाऊन परत फिरला, परत निरखलं. मग चतुराबाईपाशी थांबून म्हणाला, “तुमच्यातलं किती गेलं, चतुराबाई?”

“आमच्यातलं कुटं काय गेलं.”

“एकबी न्हाई?”

“न्हाई.”

“कावून?”

त्यानं हे ‘का’ रागानं विचारलं नव्हतं. खरंच कळत नसल्यासारखं विचारलं होतं, आणि तेच वाईट होतं. यशोधरानं तोंड उघडलं, पाण्याचं, लाळेचं, डॉक्टरांचं सगळं सांगायला सुरुवात केली. शहादेवनं मान हलवत ऐकून घेतलं आणि निघून गेला. ओसरीवरची गोष्ट तिला तेव्हा आठवली. गौतमीला तिनं इतकं घट्ट धरलं की पोर रडायला लागली.

मग कुजबूज सुरू झाली. चतुराबाई रोज पहाटे घमेलं घेऊन वरच्या रांगेत शेण गोळा करायला जायची. गोवऱ्या थापायची, जळणाला व्हायच्या; छावणी उघडल्यापासून जायची, कुणाला कधी खटकलं नव्हतं. आता कुणी म्हणालं तिला हौदापाशी वाकलेली बघितली. कुणी म्हणालं घमेल्यात पुडी होती. गिरणीत यशोधरा दळण घेऊन गेली की बोलणं थांबायचं. उत्तरेश्वर, जो चतुराबाईला मावशी म्हणायचा आणि तिच्या हातचा ठेचा मागून न्यायचा, तो समोरून आला की खाली बघून बाजूनं जायला लागला. यशोधरानं पंडितला फोन केला. तो म्हणाला, आजच्या जमान्यात असं कोण मानतं, तू फार विचार करतेस. तिला वाटलं, खरंच असावं.

सासूनं मात्र तसं म्हटलं नाही. तिनं भाकरी मोडता मोडता सांगितलं, मेलेली गुरं ओढायचं काम आपल्याकडं होतं तेव्हाची गोष्ट. एका साली गुरं फार मेली. कातड्यासाठी म्हारांनीच विष घातलं म्हणून तिच्या सासऱ्याला चावडीच्या खांबाला बांधलं. छप्पन साली धम्म घेतला आणि सगळ्यांनी ते काम टाकलं, त्यालाही इतकी वर्षं झाली. “मी नवी नवरी, त्यांच्या पाठीला तेल लावायचे. वळ तसेच होते,” ती म्हणाली. “तवा आमच्याकडं मेलेली ओढायचं काम होतं म्हणून नाव आलं. आता जिती ऱ्हायली म्हणून येतंय.”

“आत्या, तुम्ही वर जाऊ नका शेणाला.”

“न गेले तर म्हणतील, बघा, भ्याली.”

गेलं तरी संशय, न गेलं तरी संशय. त्या दिवसापासून यशोधरा सासूच्या मागं सावलीसारखी फिरू लागली. पोर कडेवर, डोळे वरच्या अंगाला.

आणि एका सकाळी शहादेव आला, बरोबर चारसहा माणसं. चेअरमननं बोलावलंय, म्हणाला. गाय घेऊन या.

वर मोठ्या हौदाभोवती सगळी छावणी जमली होती. माणिकराव खुर्चीवर बसलेले. नेहमीसारखेच हळू, मायेनं बोलले. “चतुराबाई, आमचा तुमच्यावर भरवसा हाय. पण एवढी गुरं गेली, लोकं बोलत्यात, त्यांची तोंडं मी कशानं बांधू? तुमची गाय हितं पाणी पिऊ द्या. सगळ्यांच्या देखत. पाण्यात काय नसंल तर भ्यायचं कारण न्हाई.”

यशोधराच्या डोक्यात एकदम सगळं लखलखलं. पाणी पिऊन गाय मेली, तर म्हणतील विष होतंच आणि ह्यांना ठाऊक होतं. जगली, तर म्हणतील बघा, ह्यांच्या गुरांना काही होत नाही. पाजली नाही, तर मग बोलायलाच नको. तिन्ही वाटा चतुराबाईच्या गळ्याशी येत होत्या. ती पुढं झाली. म्हणाली, “डॉक्टरांनी हा हौद रिकामा करायला सांगितलंय. चांगलं जनावर ह्यात तोंड घालून आजारी पडेल. हे सगळ्यांनी ऐकलंय.”

“वैनी,” शहादेव म्हणाला, “मागं तुमीच भांडत होता ना, एकच हौद पायजे म्हणून? आता या म्हणतोय तर न्हाई म्हणता.”

मागं कुणीतरी हसलं.

चतुराबाईनं गाईचं दावं सुनेच्या हातात दिलं. डोक्यावरचा पदर सारखा केला, हौदाच्या कट्ट्याशी गेली. पाण्यावर हिरवट साय होती, उसाच्या वाढ्याची पानं तरंगत होती. ती तिनं हातानं बाजूला सारली आणि ओंजळ भरून प्याली. पुन्हा भरली, पुन्हा प्याली. पदरानं तोंड पुसलं.

“गाय मुकी हाय,” ती म्हणाली. “तिला कशाला साक्षीला आणता? मी पिले. मेले तर तुमचं खरं. जगले तर माझ्या मागं लागू नगा.”

यशोधराला त्या पाण्यातली लाळ दिसत होती, जंतू दिसत होते, आणि सासूच्या हनुवटीवरून ओघळणारा थेंबही दिसत होता. पळत जाऊन तो पुसावा असं तिला झालं. माणिकरावांची नजर जमिनीकडं गेलेली. क्षणभर तिला वाटलं, संपलं. आता ते उठतील आणि म्हणतील, जा घरी.

तेवढ्यात रांगेतला म्हातारा बद्रीनाथ म्हणाला, “हौदात हात घातला की हिनं.”

त्या एका वाक्यानं सगळ्यांच्या चेहऱ्यावरचा गोंधळ गेला. विषाचं बोलणं तिथंच थांबलं. पाण्याला आलेल्या बाया घागरी उचलून मागं सरल्या. ज्याला त्याला एकदम आठवलं की आपल्या दावणीचं पाणी ह्याच हौदातून जातं. माणिकराव उठले आणि कुणाकडंही न बघता म्हणाले, हौदाचा बोळा काढा.

दुपारच्या आत हौद कोरडा ठणठणीत झाला. जे दोन टँकर पाणी डॉक्टरांच्या सांगण्यावरून मातीत घालवत नव्हतं, ते बदाबदा ओढ्याकडं वाहिलं. आणि उतार खालच्या अंगाला. यशोधरा धावतच खाली आली, वस्तीतल्या बायांना हाका मारल्या. कुणी खोरं घेतलं, कुणी पाटी. गुरांची दावी सोडून त्यांना वर टेकाडावर नेलं, आडवा मातीचा बांध घातला. घाण पाणी बांधाला टेकून थांबलं तेव्हा तिनं खोरं खाली ठेवलं. वर माणसं हौद घासत होती. चुना लावला. वरून गोमूत्र शिंपडलं. नवा टँकर आला तेव्हा सगळ्यांनी समाधानानं बघितलं.

त्यानंतर दोन जनावरं मेली, ती आधीच आजारी होती. मग मरी थांबली. हौद धुतला गेला होता, लस अंगात भिनली होती. यशोधरानं एक रात्र सरळ झोप काढली. सकाळी भाकरी घेऊन गेली तेव्हा सासूला म्हणालीसुद्धा, आता तरी कळेल त्यांना.

कळलं ते असं. उत्तरेश्वरनं ओढ्याच्या पलीकडं उभं राहून तिला सांगितलं, तिच्याकडं न बघता. “लोकं म्हणत्यात, धरली म्हणून थांबलं. एवढे दिस मरत होती, ती म्हातारी सापडली आन् दुसऱ्या दिसापासून बंद. मी न्हाई म्हणत, वैनी. लोकं म्हणत्यात.”

“आणि तुम्ही काय म्हणता, भाऊ?”

त्यानं पायानं माती उकरली. “माझी म्हैस गेली,” म्हणाला आणि निघून गेला.

पुढं कुणी शिवी दिली नाही की कुणी अंगावर आलं नाही. फक्त टँकर खाली यायचा बंद झाला. विचारलं की म्हणायचे, वरच संपलं. डेअरीवर खालच्या अंगाचं दूध नासतंय म्हणून परत यायला लागलं. तेच दूध यशोधरा घरी तापवायची, ते नासत नव्हतं. वस्तीतल्या लोकांनी एकेक करून गुरं काढली. कुणी पाहुण्यांकडं नेली, कुणी बाजार दाखवला. चतुराबाईला त्या पाण्यानं धरलं होतंच. पोटात कळा, हगवण, चेहरा दोन दिवसांत वाळला. पंडितचा फोन आला, की आईला घेऊन चाकणला निघून या. आता त्याचाही आवाज बदलला होता.

“गाईलाबी कंपनीत लावतो का?” चतुराबाईनं विचारलं. मग फोन सुनेकडं देऊन म्हणाली, “मी हितनं हलले की पळाली म्हणतील. माझं नाव पळून गेलेलीचं व्हईल, आन् ते तुज्या लेकीला चिकटंल. मी पाऊस पडेस्तोवर हितंच.”

ती तांबडी गाय आणि ती, दोघीच उरल्या खालच्या अंगाला. यशोधरा घरून कळशी कळशी पाणी नेत होती. आणि मग गौतमीला जुलाब लागले. पाणी उकळायलासुद्धा पाणी लागतं. तेच पुरत नव्हतं. पोरीची टाळू आत गेली, रडताना डोळ्यांत पाणी येईना. रतनबाई आली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. “आत्ताच्या आत्ता बीड,” ती म्हणाली आणि स्वतःच पिशवी भरली.

जीपनं त्यांना मांजरसुंब्याच्या फाट्यावर सोडलं. बीडची गाडी यायची होती. एका ढाब्याच्या सावलीत रतनबाई चमच्या चमच्यानं गौतमीला मीठ-साखरेचं पाणी पाजत होती, आणि यशोधरा सासूचा फोन लावत होती. फोन बंद. छावणीत चार्जिंगची सोय वरच्या अंगाला, ऑफिसात. तिथं चतुराबाई जाणार नाही.

“सिस्टर,” ती म्हणाली, “तुमच्या गोष्टीत देवानं त्यांना का वाचवलं? ती माणसं चांगली होती म्हणून?”

“चांगली कसली. पुढं त्याच लोकांनी देवाला इतका त्रास दिला की विचारू नको.” रतनबाईनं पोरीच्या ओठाला चमचा लावला. “लहानपणी चर्चचे पाळक सांगायचे, देवानं आपली आणि परकी अशी निवड केली. मला ते कधी पटलं नाही. म्हातारपणी पुन्हा वाचलं तेव्हा एक गोष्ट दिसली. ती माणसं राहायला वेगळीकडं होती. का? तर ती मेंढपाळ, आणि मिसरी लोकांना मेंढपाळांची शिसारी यायची. म्हणून त्यांना सुरुवातीपासून एका कोपऱ्यात ठेवलेलं. ज्या किळसेनं बाजूला टाकलं, तिथंच देव जाऊन उभा राहिला. म्हणाला, तुम्ही पाडलेला भेद आता मी वापरतो, आणि ही जमीन कुणाची आहे ते बघा.”

“आणि राजाला कळलं?”

“सगळं दिसलं, कळून घ्यायचं नव्हतं. सगळ्यात वाईट पीडा मला तीच वाटते. बाकीच्या येतात आणि जातात.”

यशोधराला ते पटलं की नाही, तिला सांगता आलं नसतं. तिचा देवावर विश्वास नव्हता. ती ज्या घरात वाढली तिथं दुःखाला कारण असतं आणि ते कारण माणसात शोधायचं असतं असं शिकवलेलं. पण कुणी जाऊन उभं राहिलं, एवढं ते वाक्य तिच्या डोक्यात अडकून बसलं. खालच्या अंगाला आज कुणीही उभं नव्हतं. ती स्वतः सुद्धा. एक लेकरू मांडीवर आणि एक म्हातारी माळावर, आणि तिला एकाच दिशेच्या गाडीत बसता येणार होतं.

गौतमीनं डोळे उघडले. थोड्या वेळानं तिचं दुपटं ओलं झालं. “लघवी झाली,” रतनबाई म्हणाली, “घाबरू नको, पण गाडी चुकवू नको.” बीडची गाडी लांबून दिसत होती.

तेवढ्या वेळात यशोधरा रस्ता ओलांडून पलीकडं गेली, जिथं हिवरदऱ्याच्या वाटेनं धारूरकडं जाणाऱ्या गाड्या थांबतात. एका ट्रकवाल्याला विचारलं. मोटरसायकलवरच्या जोडप्याला विचारलं. कुणी केजपर्यंतच म्हणालं, कुणी नेकनूरपर्यंत, कुणी नुसतीच मान हलवली. तिचा आवाज चढत गेला, पदर खांद्यावरून घसरला, तिला भान नव्हतं. जो थांबेल त्याला ती तेच सांगत होती. तुम्ही थांबला असता तर तुम्हालाही तिनं तेच सांगितलं असतं, आणि आता सांगतेय.

“तुम्ही धारूरच्या डोंगराकडं निघालाय का? मग हिवरदऱ्याला जरा थांबा. माळावर दूध संस्थेची छावणी आहे, हिरव्या जाळीची. वर विचारू नका, वरचे म्हणतील तिकडं कुणी नाही. ओढ्याच्या कडेनं खाली उतरा. एक तांबडी गाय दिसेल, तिच्याजवळ बाजेवर माझी सासू असेल, चतुराबाई. पत्र्याच्या हौदात पाणी आहे का वाकून बघा. चूल पेटलेली आहे का बघा. गौतमीनं डोळे उघडले, तेवढं सांगा. तब्येत विचारली तर ती म्हणेल, मला काय धाड भरलीय, जावा तुमी. तेवढ्यावर परत फिरू नका.”